शिडाच्या बोटीतल्या हाऊस बॅटऱ्या बदलताय? आधी जुन्या का मेल्या ते शोधा

मुंबई हार्बरमध्ये मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बांधून, उभ्या असणाऱ्या ३०-३५ फुटी शिडाच्या बोटी डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. म्हणजे शोअर पॉवरचा, किनाऱ्यावरच्या विजेचा, प्लग नाही, चार्जिंग काय ते इंजिनच्या अल्टरनेटरवर आणि असलंच तर सोलरवर, बोट बाहेर पडणार शनिवार-रविवारी, फार तर काशीद किंवा मुरूड-जंजिऱ्यापर्यंत, आणि पावसाळ्याआधी पाण्याबाहेर निघणार. कोचीसारख्या मरीनात जिथे जेट्टीवर लाईट मिळते तिथे हिशोब थोडा बदलेल, पण पद्धत तीच.

हाऊस बॅटरी म्हणजे इंजिन स्टार्ट करायची नव्हे, बाकी सगळं चालवणारी. फ्रिज, ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारा), प्लॉटर (नकाशाचा स्क्रीन), व्हीएचएफ रेडिओ, दिवे, पंखे, पाण्याचा पंप. स्टार्टरच्या बॅटरीला चार सेकंद धडाक्यात करंट द्यायचा असतो, हिला तासन् तास थोडा थोडा. त्यामुळे गाडीची बॅटरी आणून इथे बसवू नका, स्वस्त वाटते पण एकदोन सीझनमध्ये तिचा बोऱ्या वाजतो, कारण तिच्या पातळ प्लेट्स खोल डिस्चार्जसाठी बनवलेल्याच नसतात.

आधी जुनीची परीक्षा

"बॅटरी गेली" म्हणून लोक थेट दुकान गाठतात, तसं करू नका. मूरिंगवरच्या बोटीत लेड ॲसिड बॅटरी बहुतेक वेळा वापरून मरत नाही, ती अर्धवट चार्ज राहून मरते. रविवारी संध्याकाळी परत आलात, इंजिन तासभर चाललं, बॅटरी ७५-८० टक्क्यांवर आली आणि पुढचा शनिवार येईपर्यंत तशीच पडून राहिली. प्लेटवर सल्फेट बसतं, दर आठवड्याला थोडं जास्त घट्ट बसतं, आणि मग १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी हळूहळू ५० ची होते. हे कारण तसंच ठेवून नवीन बॅटरी आणली तर तिचीही तीच गत.

तर जुनी बॅटरी पूर्ण चार्ज करा, वायर काढा, एक रात्र तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही सकाळी १२.३ दिसत असेल तर विषय संपला. पण १२.६ दिसतंय म्हणून खूश होऊ नका, व्होल्टेज बरोबर असून कपॅसिटी निम्मी असणं अगदी कॉमन आहे. त्यासाठी लोड टेस्ट पाहिजे आणि ती घरी फुकटात होते. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून हेडलाईटचा एच-फोर बल्ब आणा, त्याचं एक फिलामेंट साधारण ५ अँपिअर खातं. बल्ब भयंकर तापतो, म्हणून फरशीच्या तुकड्यावर ठेवा, लाकडावर किंवा बोटीच्या गादीवर नको. बॅटरीला जोडा, घड्याळ लावा. १०० एएचची चांगली बॅटरी १०.५ व्होल्टला यायला २० तासांच्या जवळपास लावते. १०-११ तासातच आली तर तुमच्याकडे ५० एएचची बॅटरी आहे, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो. टेस्ट झाली की लगेच चार्जला लावा, रिकामी ठेवू नका.

आता चार्जिंग बघा. इंजिन १५०० आरपीएमला ठेवून मल्टिमीटर आधी अल्टरनेटरच्या मागच्या टर्मिनलवर आणि मग थेट बॅटरीच्या खुंटावर लावा. दोन्हीकडे १४.२ ते १४.४ पाहिजे. अल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीवर १३.७ दिसलं तर मधे कोणीतरी खातंय. जुन्या बोटींमध्ये स्टार्टर आणि हाऊस वेगळं ठेवायला डायोडवाला आयसोलेटर असतो, तोच पाऊण व्होल्ट गिळतो. नाहीतर मग कुजलेली वायर. वायरचं टोक दोन इंच सोलून बघा, तांबं लखलखीत निघायला पाहिजे. काळं निघालं आणि बोटाने चोळल्यावर भुकटी आली तर अख्खी वायर बदलायची, कारण खारा ओलावा इन्शुलेशनच्या आतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखा वर चढत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. घरच्या वायरिंगची साधी तांब्याची वायर बोटीवर हेच करते, म्हणून कल्हई केलेली, म्हणजे टिन्ड कॉपरची मरीन वायर घ्या. महाग आहे, पर्याय नाही.

किती एएच लागतात

इथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही, कागद घ्या. २४ तासांचा हिशोब असा काहीसा निघतो: फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४-५ अँपिअर घेतो आणि आपल्या उकाड्यात दिवसातले १२-१३ तास चालूच असतो, म्हणजे झाले ५५-६० एएच. ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर, आठ तास, २४. प्लॉटर आणि इन्स्ट्रुमेंट मिळून १२. व्हीएचएफ नुसता ऐकत ठेवला तर ५ च्या आसपास (बोलताना मात्र २५ वॉटवर ५ अँपिअर खेचतो, पण बोलतो किती आपण). दोन पंखे रात्रभर, ६. केबिनचे एलईडी दिवे ४, नांगर टाकल्यावरचा अँकर लाईट २, पाण्याचा पंप १, सगळ्यांचे मोबाईल ४. बेरीज ११५ च्या पुढेमागे. फ्रिज काढून टाकला तर निम्मं होतं, म्हणून बर्फाची पेटी नेणारे लोक मला तरी शहाणे वाटतात, पण थंड बिअरपुढे माझं कोण ऐकतंय.

सोलरचं धरा. १०० वॉटचं पॅनल मुंबईच्या कोरड्या सीझनमध्ये प्रत्यक्षात दिवसाला २५ एएच देतं, शिडाची आणि डोलकाठीची सावली धरून. २०० वॉट असेल तर ५०. म्हणजे दिवसाला निव्वळ तूट ६५, दोन दिवसांची १३०. लेड ॲसिड अर्ध्याच्या खाली न्यायची नसते, म्हणजे २६० एएच लागतील. लिथियम ८० टक्के वापरता येते, म्हणजे १६५, बाजारात मिळणारी २०० ची घ्या.

कुठली घ्यायची

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, दणकट असते आणि स्वस्त पडते, म्हणून सगळ्यात आधी तीच सुचते. बोटीत मात्र ती उंचीला मार खाते, बर्थखालच्या खणात बसत नाही. बसली तरी १५० एएचची पाण्यासकट ५५-६० किलो भरते आणि बोट २०-२५ अंश कलली की झाकणातून ॲसिड बाहेर. शिवाय चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन सोडते. माझ्या मते बंद केबिनमध्ये झोपायच्या जागेखाली तिला जागा नाही.

गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावणं हा जगभरच्या क्रूझर लोकांचा जुना फंडा आहे. साधारण २२५ एएच मिळतात, प्रत्येकी २८ किलोच्या आसपास, खोल डिस्चार्जसाठीच बनवलेल्या. डिस्टिल्ड वॉटर मात्र बघत राहावं लागतं आणि हवा खेळती पाहिजे, व्हेंट खणाच्या सगळ्यात वरच्या बाजूला, कारण हायड्रोजन वर जातो.

एजीएम ही लेड ॲसिडच, पण सीलबंद, ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं. तिला पाणी नको, कलली तरी सांडत नाही, जुन्या अल्टरनेटरवर तशीच चालते. ज्याला वायरिंगमध्ये हात घालायचा नाही त्याने ही घ्यावी. पण अर्धवट चार्ज तिलाही सोसत नाही, उलट जास्तच नखरे, आणि तापमान २५ च्या वर दर १० अंशांना आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एप्रिलमध्ये बंद बोटीच्या आत किती तापतं ते हॅच उघडल्या उघडल्या तोंडावर येणाऱ्या वाफेवरून कळतंच.

आणि लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. मूरिंगवरच्या बोटीला खरं तर हीच सगळ्यात सोयीची, कारण हिला अर्धवट चार्ज राहिलेलं चालतं, नव्हे आवडतं. २०० एएच फक्त २२-२५ किलो. पण ही नुसती "जुनी काढा नवी लावा" अशी नाही, दुकानदार कितीही म्हणू दे. हिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून असेल नसेल तेवढं सगळं ओढते, आणि बोटीवरचा साधा अल्टरनेटर तासभर फुल लोडवर चालवला तर जळू शकतो. दुसरं म्हणजे आतला बीएमएस, बॅटरीवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. त्याला काही पटलं नाही तर तो चालू चार्जिंगमध्ये फटकन बॅटरी तोडतो, मग अल्टरनेटरला करंट टाकायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड उडतात, सोबत प्लॉटरही जाऊ शकतो. त्यामुळे अल्टरनेटर थेट फक्त स्टार्टरच्या लेड ॲसिड बॅटरीला जोडायचा आणि तिथून ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावून हाऊसला द्यायचं. दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा व्हीएसआर रिले असेल तर तो काढावाच लागतो, कारण तो १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, आणि लिथियम आराम करत असतानाही १३.३ दाखवते, मग तो सोडणार कधी? विमा कंपनीला आधी विचारून घ्या, लिथियमबद्दल काहींच्या अटी असतात.

एक गोष्ट कुठल्याही प्रकाराला लागू: दोनातली एकच गेली म्हणून एकच बदलू नका. म्हातारा बैल आणि खोंड एका जुवाला जुंपल्यासारखं होतं, दोघंही लवकर बसतात.

कामाचा दिवस

शक्यतो हे काम बोट वर काढलेली असताना करा. तसं जमत नसेल आणि मूरिंगवरच करायचं असेल तर सकाळी लवकर. दिवस वर आला की मांडवा आणि एलिफंटाच्या लाँचच्या लाटांनी बोट डुलायला लागते आणि दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. जेट्टीवरून डिंगीत, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत, बॅटरी उतरवायची वेळ भरतीची धरा, उधाणाच्या दिवसात ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या कितीतरी खाली उघड्या पडतात आणि ३० किलोचं धूड हातात घेऊन त्यावर उतरणं म्हणजे हाडं मोडायचं आमंत्रण.

डिंगीतून बोटीवर हाताने उचलू नका. बूम (शिडाच्या तळाचा आडवा वासा) बाहेर काढा, त्याला टॉपिंग लिफ्टबरोबर (बूम वर धरणारा दोर) मेन हॅलयार्डचाही (शीड चढवायचा दोर) आधार द्या, मेनशीटची (बूम आवरायच्या दोराची) कप्पी बूमच्या टोकाला लावा आणि बॅटरीला कापडी पट्ट्याचा फास घालून वर घ्या. प्लास्टिकच्या हँडलवर भरवसा नको, ते दुकानातून रिक्षापर्यंत नेण्यापुरतं असतं. तसंच खाली कम्पॅनियनवेमधून, म्हणजे जिन्याच्या दारातून, केबिनमध्ये सोडा, एकाने दोर सोडायचा, एकाने खालून वळवायचं. बॅटरीच्या खाली कोणीही उभं राहायचं नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: १०, १३ आणि १७ नंबरचे पाने, मल्टिमीटर, वायर ब्रश, मास्किंग टेप, मार्कर, खायचा सोडा, रबरी हातमोजे, चष्मा. पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळून घ्या, कारण पाना दोन्ही खुंटांना एकदम टेकला तर तो तिथेच वेल्ड होतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, हे मी गमतीत सांगत नाहीये, सोन्याची अंगठी शॉर्टमध्ये सापडली तर हाताचं बोट भाजून निघतं.

काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक वायरवर टेप लावून तिचं दुसरं टोक कुठे जातं ते लिहा. नुसतं "प्लस" लिहून उपयोग नाही. रंगांवर तर अजिबात विसंबू नका. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात बसलेलं असतं, आणि अमेरिकन बनावटीच्या बोटीत एसीची काळी वायर जिवंत असते, तर डीसीची निगेटिव्ह काळी किंवा पिवळी. शोअर पॉवरची केबल जोडलेली असेल तर ती पहिल्यांदा काढा.

आता क्रम, आणि हा चुकवायचा नाही. इंजिन बंद. सगळे लोड, म्हणजे वीज खाणारं सगळं, बंद. सोलरचं पॅनल कंट्रोलरपासून आधी तोडा, कारण बॅटरी नसताना पॅनल चालू राहिलं तर कित्येक कंट्रोलर जळतात. मग मेन स्विच ऑफ. मग निगेटिव्ह काढा, शेवटी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आधी अशासाठी की पॉझिटिव्ह खोलताना पाना इंजिनला किंवा कुठल्या पाईपला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारा पंप, मात्र लक्षात ठेवा. तो बहुधा मेन स्विचला बगल देऊन थेट बॅटरीवर असतो आणि तुम्ही तोच तोडलेला असतो. बोट पाण्यात असेल तर त्याला तात्पुरती स्टार्टरच्या बॅटरीवरून वायर द्या आणि हातपंपाचा दांडा जागेवर आहे का बघा.

जुनी निघाली की खण धुवा. पांढरी-हिरवी पावडर दिसेल तिथे सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसायचं थांबेपर्यंत, मग गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा. लाकूड पोचट झालंय का टोचून बघा. खण बिल्जच्या पाण्याच्या वरच पाहिजे, खारं पाणी लेड ॲसिड बॅटरीत शिरलं तर क्लोरीन तयार होतो आणि बंद केबिनमध्ये तो जीवघेणा.

नवी ठेवली की पट्ट्यांनी आणि लाकडी ठोकळ्यांनी अशी आवळा की बोट आडवी झाली तरी ती इंचभरसुद्धा सरकू नये. आवळून झाल्यावर दोन्ही हातांनी हलवून बघा.

दोन बॅटऱ्या पॅरलल असतील तर पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्यायचा, तिरका. दोन्ही एकीवरूनच घेतले तर ती पहिली जास्त राबते. लिथियमच्या दोन असतील तर जोडण्यापूर्वी दोन्ही वेगवेगळ्या फुल चार्ज करा, नाहीतर जोडताक्षणी एकीतून दुसरीत केवढा तरी करंट धावतो.

फ्यूज. कितीतरी बोटींमध्ये हाऊस बँकेला मेन फ्यूजच नसतो आणि बोटीला आग लागायचं हे एक ठरलेलं कारण. अमेरिकेच्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात पॉझिटिव्ह खुंटापासून ७ इंचांच्या आत फ्यूज सांगितलाय, तेवढं पाळा. लेड ॲसिडला खुंटावरच बसणारा एमआरबीएफ चालतो. लिथियमला क्लास-टी घ्या, कारण शॉर्ट झाला तर ती हजारो अँपिअर ओतते आणि साधा फ्यूज उडाला तरी आतल्या आत ठिणगी चालूच राहते, क्लास-टी २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. फ्यूजचा आकडा वायरला सोसेल त्याच्या आत ठेवायचा, फ्यूज वायरला वाचवायला असतो. मेन केबल ५० स्क्वेअर मिलिमीटर बहुतेकांना पुरते. लग, म्हणजे आपल्या इलेक्ट्रिशियनच्या भाषेत थिंबल, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. असा क्रिम्पर विकत घ्यायची गरज नाही, मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, केबल घेताना तिथेच दाबून मिळतं का विचारा, फक्त लांबी आधी नीट मोजून न्या. हातोडीने ठोकलेलं थिंबल नको.

खुंटावर सगळ्यात मोठं थिंबल सगळ्यात खाली, थेट शिशावर. मधे वॉशर घालू नका, वॉशर वर, नटाच्या खाली. स्टीलचा वॉशर मधे आला की तो जागेवर तापतो. आवळताना कंपनीच्या कागदावर दिलेला टॉर्क बघा. व्हॅसलिन आवळून झाल्यावर वरून लावायचं, आधी नाही.

बॅटरी मॉनिटरचा शंट, म्हणजे येणारा-जाणारा करंट मोजणारा तुकडा, असेल (लिथियमला तो लागतोच, तिच्या व्होल्टेजवरून किती उरलंय ते कळत नाही) तर शंटच्या बॅटरीकडच्या बाजूला फक्त एकच वायर, बॅटरीची. बाकी सगळे निगेटिव्ह, बिल्ज पंपाचासुद्धा, दुसऱ्या बाजूला.

जोडायचा क्रम उलटा: पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, मेन स्विच, आणि सोलर सगळ्यात शेवटी.

सेटिंग बदलल्याशिवाय घरी जाऊ नका

सोलर कंट्रोलर आणि चार्जर अजून जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चालतायत. एजीएमला ॲबसॉर्प्शन (भरत आल्यावरचं चार्जिंग व्होल्टेज) १४.४ ते १४.७, फ्लोट (भरल्यावर टिकवून धरायचं व्होल्टेज) १३.५ ते १३.८. पाण्याच्या बॅटरीला १४.८ पर्यंत चालतं. लिथियमला १४.२ ते १४.४ आणि फ्लोट १३.५ किंवा बंदच, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) तर हमखास बंद. हे ढोबळ आकडे, शेवटचा शब्द तुमच्या बॅटरीच्या कागदाचा. लेड ॲसिडला टेम्परेचर सेन्सर जरूर लावा, १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ च्या वर दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे ३५ अंशांना पाव व्होल्टचा फरक, आणि तो आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने लागू असतो. लिथियमला ते कॉम्पेन्सेशन शून्य करा. मॉनिटरमध्ये नवीन एएच भरा आणि एकदा १०० टक्क्यांना सिंक करा.

मग फ्रिज, पंखे, ऑटोपायलट सगळं एकदम लावा, वीस मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवून बघा. जो कोमट लागेल तो उघडून परत बसवा.

जुन्या लेड ॲसिड बॅटऱ्या नवी घेताना दुकानदार वजनावर किंमत धरून परत घेतो, २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार त्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहेच. जुनी लिथियम मात्र भंगारवाल्याला देऊ नका, तो ती हातोडीने फोडणार.

पहिल्या दणदणीत सेलनंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळून घ्या, हादऱ्याने थोडे ढिले होतातच. आणि मे अखेर बोट वर निघाली की लेड ॲसिड फुल चार्ज करून सोलरवर फ्लोटला ठेवा किंवा घरी नेऊन महिन्याला एकदा चार्ज करा. लिथियमचं उलट, ती ५०-६० टक्क्यांवर आणून ठेवायची, सोलर आणि सगळे लोड तोडायचे, आणि गणपतीच्या सुमारास एकदा व्होल्टेज बघून यायचं.